धूर कुठाय, दाजी?

"दाजी, धूर कुठाय?" मेव्हण्याने आल्या आल्या विचारलेला हा पहिला प्रश्न. ग्रिलचं झाकण लावलेलं, आत निखाऱ्यांच्या कडेला लाकडाचे दोन चंक्स ठेवलेले, जाळीच्या दुसऱ्या बाजूला कोंबडी, आणि वरच्या व्हेंटमधून, म्हणजे झाकणावरच्या हवेच्या भोकातून, बाहेर येतंय काय तर नुसती थरथरणारी गरम हवा. मागे काही गडद असलं तर एक फिक्कट निळसर रेघ दिसते, नाहीतर तीही नाही. तो बिचारा मोबाईल काढून तयार. व्हिडिओत बघितलेलं असतं ना, झाकण उचललं की पांढरे लोटच्या लोट बाहेर पडतात आणि त्यातून तो चकाकणारा तुकडा हळूहळू दिसायला लागतो. इथे तसलं काहीच नाही. "एखादा तुकडा पाण्यात बुडवून टाका की, मस्त धूर होईल." मी म्हटलं थांब जरा, जेवताना बोल. जेवताना तो काही बोलला नाही, दुसऱ्यांदा वाढून मात्र घेतलं, विषय संपला. माझ्या डोक्यातून पण तो प्रश्न काही जाईना, कारण तसं बघितलं तर त्याचं काय चुकलं? धुराची चव लावायची म्हणून एवढा खटाटोप, लाकूड आणा, वाळवा, कोळसा पेटवा, तासन् तास थांबा, आणि मग धूर दिसेनासा झाला की मला बरं का वाटतं?

याचं उत्तर त्या लाकडाच्या तुकड्याकडे नुसतं बघत बसलं तर मिळतं, पण बघत बसायला वेळ कोणाला असतो. झाकण लावायच्या आधी मी बघतो. मुठीएवढा कोरडा तुकडा लालभडक निखाऱ्यांवर ठेवला की आधी काहीच होत नाही. मग खालची कड तपकिरी होते, मग काळी, आणि जिथे लाकूड आडवं कापलेलं असतं त्या तोंडाशी बारीक बुडबुडे येतात, किंचित चुरचुर आवाज येतो. लाकूड कितीही वाळलेलं म्हणा, आत थोडं पाणी असतंच आणि ते गेल्याशिवाय तापमान १०० अंशाच्या पुढे सरकत नाही. मग एकदम गलेलठ्ठ पांढरा धूर सुटतो. डोळे चुरचुरवणारा, मळकट. मेव्हण्याला हवा होता तो हाच. पण अजून थोडं थांबलं की त्या धुरालाच एका जागी जाळ धरतो, म्हणजे लाकूड पेटत नाही, लाकडातून निघालेला वायू पेटतो, लाकडापासून बोटभर वर ज्योत हलताना दिसते, आणि त्यासरशी सगळा पांढरेपणा विरतो. मी त्या क्षणाची वाट बघत असतो. त्यानंतर झाकण.

आत जे घडतं ते शाळेतल्या रसायनशास्त्रापेक्षा बरंच मजेशीर आहे. लाकडात मुख्यतः तीन गोष्टी, सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. उष्णतेने त्या एकाच वेळी मोडत नाहीत. आधी हेमिसेल्युलोज, साधारण २०० ते ३०० अंशांत, मग ३०० च्या पुढे सेल्युलोज, आणि लिग्निन हा सगळ्यात चिवट, तो हळूहळू पार ५०० पर्यंत मोडत राहतो. पहिल्या दोघांतून थोडे गोडसर, भाजल्यासारखे वास येतात आणि मांसावर चढणारा तो तांबूस रंगही बराचसा त्यांचाच. आपण ज्याला धुराची चव म्हणतो ती लिग्निनची देणगी. त्यातून ग्वायकॉल निघतं, ज्याने जिभेला धुराची चव लागते, आणि सिरिंगॉल निघतं, ज्याने नाकाला धुराचा वास येतो. आणि गंमत अशी की या वासाचवीच्या गोष्टींचा मोठा भाग वायूच्या रूपात असतो, डोळ्यांना न दिसणारा. दिसतो तो धूर म्हणजे डांबराचे बारीक थेंब, काजळी, राख, वाफ. चव देणारं बरंचसं त्या दिसणाऱ्या लोटाच्या आगेमागे, गुपचूप.

आता निळा धूर आणि पांढरा धूर. यावर लोक अगदी भक्तिभावाने बोलतात, मीही बोलतो, पण त्यात गूढ काही नाही. हवा भरपूर मिळाली, जाळ गरम असला की धुरातले कण फार बारीक राहतात, प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान, आणि इतके लहान कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. आकाश निळं दिसतं त्याच कारणाने. हवा कमी पडली, लाकूड नुसतं धुमसत राहिलं की कण मोठे होतात, सगळेच रंग सारखे विखुरतात, आणि धूर पांढरा दिसतो. पिवळसर करडा दिसला तर मग विचारूच नका. त्या जाड धुरात बसलेलं मांस वरून चकचकीत काळं होतं, जिभेला बधिरपणा येतो, आणि एक कडवट, औषधी चव मागे राहते जी दात घासले तरी जात नाही. क्रिओसोट म्हणतात त्या गटातली ही मंडळी. थोडी असली तर चालतात, नव्हे हवीच असतात, पण साचली की संपलं सगळं.

निळा म्हणजे शाईसारखा निळा नाही हो. असला-नसला.

मी हे सगळं पहिल्यांदा बघितलं ते एका काकांकडे. नात्यातले नव्हते, नुसतेच काका. बोलायचे कमी, आणि जे बोलायचे त्यातलं निम्मं स्वतःशी. झाकणावर थर्मामीटर होता, त्यांनी त्याच्याकडे ढुंकून बघितलेलं मला आठवत नाही. ते काय करायचे, वरच्या व्हेंटवर वीतभर उंचीवर तळवा धरायचे, क्षणभरच, आणि मग तो तळवा नाकाशी न्यायचे. चांगला वास आला तर मान हलवायचे. नाही आला तर खालचा व्हेंट करंगळीच्या नखाएवढा उघडायचे आणि पुन्हा खुर्चीत. मला वाटायचं हा माणूस उगाच नाटक करतोय. नंतर स्वतः करायला लागल्यावर कळलं की या सगळ्या प्रकारात याच्यापेक्षा खात्रीची परीक्षा नाही, व्हेंटमधून येणारा वास नाकाला गोड वाटत असेल तर जेवण गोड लागणार, घशात खवखवत असेल तर जेवण खवखवणार. नाक जवळ नेऊन हुंगू नका मात्र, तो कार्बन मोनॉक्साइडचा झोत आहे. काका हात का वापरायचे त्याचं कारण हेही असावं. आणि कोळशाची ग्रिल घरात, गॅरेजमध्ये, बंद बाल्कनीत कधीच नाही, पाऊस आला म्हणून तर अजिबात नाही. पेटलेली सोडा, विझत आलेलीही नाही. दरवर्षी माणसं जातात अशाने.

काकांची दुसरी सवय अशी की चंक्स आधी झाकणावर, वरच्या बाजूला ठेवून कोमट करायचे. गार तुकडा आत टाकला की तो पहिला मळकट टप्पा लांबतो, कोमट तुकडा पटकन पुढे जातो. मला त्यांनी हे कधी समजावून सांगितलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ठेवून बघ. नाही आवडलं तर नको ठेवूस."

पाण्यात भिजवायचं म्हणाल तर मी त्या पक्षात नाही, आणि या बाबतीत मला मध्यममार्ग वगैरे काही सुचत नाही. ओकच्या पिंपांत वाइन आणि व्हिस्की वर्षानुवर्षं ठेवतात, लाकडाच्या होड्या पाण्यावर तरंगतात, आणि तुम्ही म्हणता की तासभर बादलीत ठेवलेला तुकडा आतपर्यंत भिजतो? भिजवून मधोमध चिरून बघा. वरचा पातळसा थर सोडला तर आत ठणठणीत कोरडा. जे पाणी शिरलेलं असतं ते उकळून जाईपर्यंत लाकूड तापत नाही, तोवर निघते ती वाफ, तिलाच लोक धूर समजून खूश होतात, आणि मधल्या मध्ये निखारे गार पडतात ते वेगळंच. ढलप्या, म्हणजे ज्या चिप्स मिळतात त्या, भिजवल्याने थोड्या उशिरा जळतात हे खरं. पण उशीरच हवा असेल तर सरळ मोठा तुकडा घ्या ना! एवढं साधं आहे. ढलपी पातळ, चहूबाजूंनी उष्णता लागते, काही मिनिटांत भडकून राख. मुठीएवढा चंक बाहेरून आत जळत जातो, तास-पाऊण तास सहज पुरतो. अख्खं ओंडकं घालायचं तर त्याला हवा खूप लागते, ते मोठ्या वेगळ्या भट्ट्यांचं काम, छोट्या ग्रिलमध्ये ओंडकं नुसतं कुढत बसतं.

छोटी ग्रिल म्हणजे बहुतेकांकडे असते तीच, गोल, अर्धगोलावर अर्धगोल. वेबर केटल. १९५२ साली जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थाने शिकागोजवळ ती बनवली, तो ज्या कारखान्यात होता तिथे पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये, जहाजांना खूण म्हणून असतात ते, बनायचे, त्यातलाच गोळा अर्धा कापून. वारा आणि पाऊस उघड्या ग्रिलचा विचका करतात म्हणून त्याला झाकण हवं होतं, बस. पण झाकण आलं आणि त्याच्याबरोबर आतली हवा ताब्यात आली. मला ही गोष्ट फार आवडते. ब्रिकेट्सची कथाही अशीच, हेन्री फोर्डच्या मोटारींत लाकूड भरपूर लागायचं, त्यातलं उरलंसुरलं वाया जाऊ नये म्हणून मिशिगनमध्ये त्याचा कोळसा करून वड्या पाडायला सुरुवात झाली. वड्या एकसारख्या असतात म्हणून एकसारख्या जळतात, आणि लांब चालणाऱ्या कामाला मला त्याच बऱ्या वाटतात. अख्खा लाकडी कोळसा जास्त तापतो, राख कमी करतो, पण त्यात एक तुकडा नारळाएवढा आणि दुसरा चुरा, मग आच सांभाळत बसा. ब्रिकेट्स कडेने गोल मांडायच्या, खाली दोन, वर दोन, अर्ध्या-पाऊण वर्तुळापर्यंत, आणि फक्त एका टोकाला थोड्या पेटवलेल्या ठेवायच्या. आग त्या रांगेतून हळूहळू सरकत जाते. वर थोड्या थोड्या अंतरावर लाकडाचे तुकडे, पहिले दोन जवळ जवळ, पुढचे लांब लांब. पेटवायला चिमणी स्टार्टर, म्हणजे कोळसा भरून खालून पेटवायचा पत्र्याचा नळा, आणि कागद. ते ज्वलनशील द्रव ओतायचं असेल तर लाकडाचा विषयच सोडून द्या, जेवणाला पेट्रोल पंपाचा वास येतो.

खालच्या व्हेंटने हवा आत, वरच्याने धूर बाहेर. वरचा व्हेंट मांसाच्या बरोबर वर येईल असं झाकण फिरवायचं म्हणजे धूर मांसावरून ओढला जातो. वरचा मी जवळजवळ उघडाच ठेवतो, आच कमीजास्त करायची ती खालच्याने. झाकण लावलेलं असताना ११० ते १३५ अंश, मध्ये कुठेही असलं तरी मी मनाला लावून घेत नाही. लोक काय करतात, धूर साठावा म्हणून वरचा व्हेंट बंद करतात. साठतो ना. शिळा होतो तिथेच. आणि दर दहा मिनिटांनी झाकण उचलून बघणाऱ्यांना काय सांगायचं, उचललं की आतली सगळी ऊब गेली, वर ताजी हवा मिळाल्याने निखारे भडकले, म्हणजे आधी थंड आणि मग जास्तच गरम.

लाकूड कोणतं, यावर तर मित्र तुटतात. हिकरी, ओक, सफरचंद, चेरी, मेपल, पेकन, मेस्कीट, अल्डर. माझं मत विचाराल तर जातीपेक्षा जाळ महत्त्वाचा. चांगल्या जाळातला साधा ओक हा धुमसणाऱ्या चेरीपेक्षा शंभर पटीने बरा. डोळे मिटून सफरचंद आणि चेरी ओळखून दाखवतो म्हणणाऱ्यांना मी आदराने नमस्कार करतो, माझ्याच्याने होत नाही. मेस्कीट मात्र कोणालाही कळेल, तिखट, मातकट, लांबच्या कामाला जरा जडच. मासे असतील तर अल्डर, सौम्य म्हणून. बाकी कशालाही ओक घेतला तर कोणी तक्रार करत नाही. नाही घ्यायचं ते मात्र नक्की ठरलेलं. देवदार, चीड असली राळेची झाडं नाहीत, राळ काजळीही करते आणि कडूही. रंग दिलेलं नाही, प्लायवूड नाही, जुन्या पॅलेटचं, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीचं, तर नाहीच. पॅलेटवर कधी कधी 'एमबी' असा शिक्का असतो, त्याचा अर्थ मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीटकनाशकाची धुरी दिलेली. बाहेरच्या कामाचं जुनं प्रक्रिया केलेलं लाकूड असेल तर त्यात आर्सेनिकही असू शकतं. फुकट मिळालं म्हणून लाकूड चांगलं होत नाही. साल काढायची की नाही यावर मला काहीच म्हणायचं नाही, सुटी असली तर काढतो, चिकटलेली असली तर राहू दे.

आणि मग जे जाळीवर ठेवलेलं आहे त्याचंही काही म्हणणं असतं. धुरातलं द्रव्य गार आणि ओल्या पृष्ठभागावर जास्त बसतं, थंडीत चष्म्यावर वाफ धरते तसं. म्हणून मांस फ्रिजमधून काढून थेट जाळीवर गेलं तरी मला चालतं, उलट बरंच. सुरुवातीचे तास धुराचे, नंतरचे नुसत्या उष्णतेचे. धूर हा मांसात फार खोल जात नाही, कितीही वेळ ठेवा, तो वरचाच राहतो. पोर्क शोल्डरसारखा मोठा तुकडा असला की मध्येच, आतलं तापमान ६५ ते ७५ च्या दरम्यान कुठेतरी, काटा हलायचा थांबतो. एक तास, दोन तास, कधी जास्त. पृष्ठभागावरचं पाणी उडत राहतं आणि आपल्याला घाम येऊन जसं गार वाटतं तसं ते मांस स्वतःला गार ठेवतं. या थांब्यात नवखी माणसं घाबरतात, कोळसा ओततात, व्हेंट सताड उघडतात. काका या वेळात डुलकी काढायचे.

कापल्यावर कडेला तो गुलाबी पट्टा दिसतो, स्मोक रिंग, त्याचे फोटो मात्र सगळ्यांना हवे असतात. जळणातून नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड निघतात, ते मांसातल्या मायोग्लोबिनला, म्हणजे मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाला, धरतात आणि त्याचा गुलाबी रंग टिकून राहतो, बाकीचं मांस करडं होतं. साधारण ६० अंशाच्या पुढे हे थांबतं. त्या पट्ट्याला चव नसते. अजिबात नाही. मांस टिकवायचं नायट्राइटचं मीठ चोळून, धुराचा संबंधही न येता, असा पट्टा आणता येतो. इथे मला पुन्हा मेव्हण्याचा प्रश्न आठवतो, आणि जरा त्याची बाजू घ्यावीशीही वाटते. पांढरे लोट, गुलाबी पट्टा, चकाकणारी साल, हे सगळं डोळ्यांसाठी आहे, पण माणूस डोळ्यांनीही जेवतोच की. त्याला पाच मिनिटं दाट धूर दाखवला असता तर काय बिघडणार होतं? खरं सांगायचं तर फार काही नाही. पहिल्या पाच मिनिटांच्या पांढऱ्या धुराने कोंबडी कडू होत नाही. मी थांब म्हणालो ते कोंबडीसाठी म्हणालो की मला माहितीये ते त्याला माहिती नाही या सुखासाठी, हे मला आजही नीट सांगता यायचं नाही.

बाकी डोळ्यांचं जाऊ दे, ज्याने ग्रिल सांभाळली त्याच्या नाकाचं काय होतं बघा. सकाळपासून त्या धुरात उभं राहून नाक इतकं सरावलेलं असतं की जेवायला बसल्यावर त्याला धुराची चव लागतच नाही. बाकीचे डोळे मिटून वा वा करतात आणि हा विचार करत बसतो, अरे, कमी पडला का धूर? मग पुढच्या वेळी हा आणखी एक चंक टाकतो, आणि पाहुणे पाणी पीत बसतात. म्हणून चव घ्यायची तर घरातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाला विचारायचं, स्वतःवर विश्वास ठेवायचा नाही. आंघोळ करून, कपडे बदलून (शर्टाचा वास दोन धुण्यांत जातो, टोपीचा जात नाही) दुसऱ्या दिवशी फ्रिजमधला गार तुकडा तोंडात टाकला की तेव्हा कुठे कळतं आपण काय केलं होतं. मला तो दुसऱ्या दिवशीचा उभ्या उभ्या खाल्लेला तुकडा पंगतीपेक्षा जास्त आवडतो, हे घरात कोणाला पटत नाही.

एक गोष्ट मात्र मनात राहते, तिचा पूर्ण निकाल लागत नाही. ज्या धुराने अन्न टिकायचं, त्यातल्या फिनॉल्समुळे आणि फॉर्मल्डिहाइडमुळे जंतू मरायचे, चरबी खवट व्हायची नाही, त्याच धुरात बेंझोपायरीनसारखी कर्करोगाशी नाव जोडलेली द्रव्यंही असतात. युरोपियन युनियनने स्मोक्ड मांसासाठी त्याची मर्यादा २०१४ पासून किलोला ५ मायक्रोग्रॅमवरून २ वर आणली ती उगाच नाही. चरबी थेट निखाऱ्यावर ठिबकली की ते जास्त तयार होतं, म्हणून मांस निखाऱ्यांच्या वर नाही, शेजारी, आणि खाली ट्रेमध्ये पाणी. जाळ स्वच्छ असला की बराच फरक पडतो. पण शून्य होत नाही, आणि मी ते शून्य आहे असं स्वतःला सांगत नाही. वारंवार करत नाही एवढंच. आणि कोंबडीबरोबर जाळीवर कांदे, टोमॅटो, मक्याची कणसं, एखाद्या वाटीत मीठ असं बरंच काही चढवतो, चरबी ठिबकायचा प्रश्न नाही आणि धुराने मीठ काय होतं हे एकदा चाखल्याशिवाय कळायचं नाही.

काम झालं की वरचा-खालचा दोन्ही व्हेंट घट्ट बंद. हवा तुटली की निखारे विझतात, उरलेला कोळसा वाचतो. राख मात्र दुसऱ्या दिवशीही हात घालायच्या आधी तपासायची, आत एखादा निखारा जिवंत निघतो. त्यात कधी अर्धवट जळलेला एखादा चंक सापडतो, आकार तसाच, साल सुद्धा ओळखू येते, पण वजन उचलल्यावर अगदी हलकं आणि टिचकी मारली तर काचेसारखा आवाज. त्यातलं द्यायचं ते देऊन झालेलं असतं, आता तो कोळसाच. पुढच्या वेळी चिमणीत सगळ्यात खाली तोच ठेवतो, कागद लावल्या लावल्या धरतो. धुरासाठी नवा तुकडा काढायचा.